न कापतां आंत पाहण्याची विद्या

पस्तीस वर्षांपूर्वींची गोष्ट आहे. आम्ही तेव्हां एका शाळेंत संस्कृत शिकवीत होतों. शाळेला जोडूनच अकरावी-बारावीचे वर्ग भरत. एके दिवशीं जीवशास्त्राचे शिक्षक अकस्मात् रजेवर गेल्यामुळें त्यांच्या प्रयोगाच्या तासावर देखरेख करण्याचें काम आमच्याकडे आलें. मेजांवर मेणाच्या तबकांत बेडूक उताणे टांचून ठेवलेले होते. सर्व मुलें कामाला लागलीं होतीं. एक मुलगा मात्र हातांत चिमटा धरून नुसताच उभा होता. 'कां रे, आरंभ कां करीत नाहींस?' असें आम्हीं विचारतांच तो खालच्या मानेनें म्हणाला, 'सर, न कापतां आंतलें पाहतां येणार नाहीं का?'

आम्हांस या प्रश्नाचें उत्तर ठाऊक नव्हतें. आणि उत्तर ठाऊक नसलें म्हणजे पंतोजी जें करतो तेंच आम्हीं केलें. आम्ही त्याच्यावर रागावलों. त्यानें तो तास डोळे पुशीत कसाबसा पुरा केला. पुढें तो कोठें गेला, काय झाला, हें आम्हांस कळलें नाहीं. त्याचा प्रश्न मात्र आमच्यापाशींच राहिला.

त्या प्रश्नाचें उत्तर आम्हांस यंदाच्या गणेशोत्सवांत आमच्याच घरीं मिळालें. आमच्या वहिनींची नात एका प्रयोगशाळेंत कर्करोगावर संशोधन करते. ती सुटीसाठीं घरीं आली होती. संध्याकाळच्या आरतीनंतर सर्व मंडळी प्रसाद घेत बसली असतां वहिनींनीं मूर्तीच्या पायथ्याशीं बसलेल्या मूषकाकडे बोट दाखवून तिला सरळच विचारलें, 'खरें सांग, तूं तिकडे यांना मारतेस ना?' घरांत एकदम शांतता पसरली. मुलगी गोंधळली नाहीं. ती म्हणाली, 'आजी, मी त्यांचीं चित्रें काढतें. जिवंतपणीं.' आणि मग त्या रात्रीं दोन-अडीच तास तिनें आम्हां सर्वांस जें समजावून सांगितलें, त्याला मागाहून केलेल्या वाचनाची जोड देऊन तें आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों. आम्ही शास्त्रज्ञ नव्हे. परंतु घरांतल्या आजीबाईंस जें समजलें तें आमच्या वाचकांस समजण्यास अडचण पडूं नये.

प्रथम उंदीरच कां, हें पाहूं. 'मूषक' शब्द चोरणें या अर्थाच्या 'मुष्' धातूवरून साधतात. लॅटिनमधील 'मुस्' आणि इंग्रजींतील 'माउस' हीं याच शब्दाचीं भावंडें होत. स्नायूला इंग्रजींत जें 'मसल' म्हणतात, त्याचाही मूळ लॅटिन अर्थ 'लहानसा उंदीर' असाच आहे. दंडाची बेटकुळी त्वचेखालीं उंदरासारखी पळते, म्हणून तें नांव! सारांश, मनुष्याच्या शरीराचा आणि उंदराचा संबंध भाषेनें फार पूर्वींच जोडून ठेवला आहे. शास्त्रानें तो २००२ सालीं पक्का केला. त्या वर्षीं उंदराच्या जनुकसंचाचें वाचन प्रसिद्ध झालें, आणि त्याच्या सुमारें ९९ टक्के जनुकांना मनुष्याच्या जनुकसंचांत जोड सांपडते असें दिसून आलें. शिवाय उंदीर लवकर वाढतो, थोड्या जागेंत राहतो, आणि जो रोग मनुष्यांत वर्षानुवर्षें मुरतो तो त्याच्यांत कांहीं आठवड्यांत दिसूं लागतो. म्हणून वैद्यकाच्या संशोधनाचा फार मोठा भार या लहानशा पाठीवर पडलेला आहे.

आतां पूर्वींची रीत कशी होती तें सांगतों. एखादें औषध अर्बुदावर, म्हणजे कर्करोगाच्या गांठीवर, चालतें कीं नाहीं हें पाहावयाचें आहे. त्यासाठीं पुष्कळ उंदीर घ्यावयाचे. पहिल्या आठवड्यांत कांहीं मारून, कापून पाहावयाचे, दुसऱ्या आठवड्यांत आणखी कांहीं, याप्रमाणें शेवटपर्यंत. आमच्या शास्त्रकारांनीं ज्याला स्थालीपुलाकन्याय म्हटलें आहे, तोच हा न्याय. भाताचें एक शीत दाबून पाहिलें कीं सबंध भांड्याची परीक्षा होते. परंतु हा न्याय भाताला लागतो, कारण एका भांड्यांतलीं सर्व शितें एकाच आंचेवर शिजतात. उंदीर कांहीं शितें नव्हेत. एकाची गांठ लवकर वाढते, दुसऱ्याची सावकाश; आणि जो पहिल्या आठवड्यांत मारला, त्याची गांठ चौथ्या आठवड्यांत केवढी झाली असती, हें ब्रह्मदेवालाही सांगतां येणार नाहीं. म्हणजे हिंसा तर होतच होती, शिवाय ज्ञानही अपुरेंच पदरांत पडत होतें. यावर उपाय एकच. त्याच उंदराला पुनःपुन्हा पाहतां आलें पाहिजे, आणि तेंही त्याला न कापतां.

न कापतां पाहण्याचा पहिला दरवाजा रोंटगेन यांनीं १८९५ च्या नोव्हेंबरांत जर्मनींतील व्युर्त्सबुर्ग येथें उघडला. त्यांच्या क्ष-किरणांनीं त्यांच्या पत्नीच्या हाताचीं हाडें अंगठीसकट दाखविलीं. परंतु साध्या क्ष-किरणचित्रांत पुढचें-मागचें सर्व एकावर एक पडतें. तें वेगळें करून शरीराचा आडवा छेद दाखविणारें सी.टी. यंत्र हाउन्सफील्ड यांनीं सिद्ध केलें, आणि १९७१ सालीं लंडनच्या एका रुग्णालयांत तें पहिल्या रोग्यावर चालविलें.

मनुष्यासाठीं केलेलें यंत्र उंदरासाठीं कां चालूं नये, असा प्रश्न येथें सहज उद्भवतो. त्याचें उत्तर गणितांत आहे. पंचवीस ग्रॅम वजनाचा उंदीर साठ किलोच्या मनुष्याहून २४०० पट हलका असतो. याचें घनमूळ काढलें तर सुमारें तेरा येतें. म्हणजे मनुष्याच्या शरीरांत जेवढा बारकावा दिसतो तेवढाच उंदरांत दिसावयास हवा असेल, तर यंत्राची दृष्टि लांबी, रुंदी आणि खोली अशा तिन्ही दिशांनीं तेरापट तीक्ष्ण हवी. रुग्णालयांतील सी.टी. यंत्र सुमारें अर्ध्या मिलिमीटरापर्यंत भेद दाखवितें. उंदरासाठीं तें विसाव्या हिश्श्यापर्यंत उतरावें लागतें. त्यांतून उंदराचें हृदय मिनिटास पांचशें-सहाशें वेळां धडधडतें! अशा चंचल जीवाचें चित्र काढावयाचें म्हणजे वाऱ्यावर हलणाऱ्या पानावरची शीर मोजण्यासारखेंच आहे.

हें कठीण काम सोपें होण्यास कोणकोणत्या ठिकाणाहून मदत झाली तें पाहून आम्हांस मोठी मौज वाटली. लंडन येथील एलियट आणि डोव्हर यांनीं १९८२ सालीं क्ष-किरणांनीं सूक्ष्म छेद घेण्याची रीत प्रसिद्ध केली, ती एका गोगलगाईच्या शंखावर. १९८४ सालीं फेल्डकॅम्प व त्यांचे दोन सहकारी यांनीं शंकूच्या आकाराच्या किरणझोतावरून संपूर्ण घनचित्र उभें करण्याचें गणित मांडलें. हे काम करीत होते फोर्ड या मोटारींच्या कारखान्याच्या संशोधनशाळेंत. यंत्राच्या भागांतील तडे ते न फोडतां शोधीत होते. तेंच गणित पुढें हाडांना लागू पडलें. हाडाच्या आंत जी मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते, ती म्हातारपणीं कशी विरळ होते आणि औषधानें सांवरते कीं नाहीं, हें आज एकाच उंदराच्या पायांत महिनोन् महिने पाहतां येतें.

दुसरा दरवाजा चुंबकाचा. आपल्या शरीराचा मोठा भाग पाणी आहे, आणि पाण्यांतील हायड्रोजनच्या अणूचा गाभा हा जणुं एक चिमुकला भोंवरा आहे. बलाढ्य चुंबकांत ठेवून रेडिओलहरींनीं त्याला धक्का दिला कीं तो डुलतो, आणि डुलतां डुलतां आपला ठावठिकाणा सांगतो. हेंच एम्.आर्.आय्. होय. रुग्णालयांतील चुंबक बहुधा दीड किंवा तीन टेस्ला शक्तीचा असतो. उंदरांसाठीं सात, नऊ अथवा त्याहूनही अधिक शक्तीचा वापरतात. येथें एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९९० सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत सेजी ओगावा व त्यांचे सहकारी अशा चुंबकांत उंदरांच्या मेंदूचीं चित्रें काढीत असतां त्यांस दिसून आलें कीं श्वासांतला प्राणवायु कमी-अधिक केला म्हणजे मेंदूंतील बारीक रक्तवाहिन्यांच्या काळ्या रेषा कमी-अधिक ठळक होतात. प्राणवायु टाकलेलें रक्त चुंबकाला वेगळा प्रतिसाद देतें, हें त्याचें कारण. मनुष्य बोलतो, आठवतो अथवा गणित करतो तेव्हां मेंदूचा कोणता भाग जागा होतो, हें दाखविणाऱ्या आजच्या पद्धतीचें मूळ या निरीक्षणांत आहे. म्हणजे आपल्या मनाच्या घराची एक किल्ली आपणांस उंदरानें आणून दिली.

तिसरी रीत वहिनींच्या विशेष ओळखीची निघाली. चार वर्षांपूर्वीं त्यांस दुखणें झालें होतें, त्या वेळीं त्यांची पेट नांवाची तपासणी झाली होती. सहा तास उपाशी ठेवलें, मग सुई टोंचली, आणि तासभर अंधाऱ्या खोलींत न बोलतां पडून राहावयास सांगितलें. 'एकादशीपेक्षां सोपा उपास, पण न बोलणें फार कठीण,' असें त्या तेव्हां म्हणाल्या होत्या. त्या सुईंतून जी वस्तु शरीरांत जाते ती एक प्रकारची साखरच असते. तिला फ्लोरीन-१८ हा किरणोत्सर्गी अणु जोडलेला असतो. त्याचें तेज दर ११० मिनिटांनीं निम्मे होत जातें. कर्करोगाच्या पेशी अधाशी असल्यामुळें त्या ही साखर अधिक ओढून घेतात. अणु फुटला कीं त्यांतून पॉझिट्रॉन निघतो, तो इलेक्ट्रॉनशीं भिडून नाहींसा होतो, आणि त्या जागेवरून दोन किरण बरोबर विरुद्ध दिशांनीं सुटतात. सभोंवारच्या कड्यानें ते दोन्ही एकदमच टिपले कीं त्यांच्या रेषेवर कोठेंतरी ती पेशी आहे असें समजावयाचें. अशा लक्षावधि रेषा छेदल्या म्हणजे चित्र तयार होतें.

या साखरेचा इतिहास ऐकून वहिनी गंभीर झाल्या. अमेरिकेंतील सोकोलॉफ या संशोधकांनीं उंदरांना किरणोत्सर्गी कार्बन घातलेली अशीच साखर देऊन मेंदूचा कोणता भाग किती साखर खातो हें मोजण्याची रीत बसविली. ती १९७७ सालीं प्रसिद्ध झाली. परंतु त्या रीतींत पाऊण तासानंतर उंदीर मारावा लागे, आणि गोठविलेल्या मेंदूचे पातळ काप क्ष-किरणांच्या फिल्मवर ठेवावे लागत. कार्बनच्या जागीं फ्लोरीन-१८ आल्यावर कापण्याचें कारण उरलें नाहीं, कारण त्याचे किरण शरीराबाहेर येऊन स्वतःच वर्दी देतात. १९७६ च्या ऑगस्टांत पेन्सिल्व्हानिया विद्यापीठांत ही साखर प्रथम मनुष्यास देण्यांत आली. पुढें ऋण उलट फेडलें गेलें. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील शाखेंत सायमन चेरी व त्यांच्या मंडळींनीं खास लहान प्राण्यांसाठीं पेट यंत्र बनविलें आणि १९९७ सालीं त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. मनुष्यांसाठींच्या त्या काळच्या यंत्रांचा बारकावा चार-सहा मिलिमीटरांचा होता. यांचा सुमारें दोन मिलिमीटरांचा झाला. जी विद्या उंदरानें मनुष्यास दिली, ती मनुष्यानें उंदराच्या कामीं लावली.

चौथी रीत बालगोपाळांस सर्वांत आवडली. ती काजव्याची. काजव्याच्या पोटांत एक पदार्थ आणि त्याला जाळणारें एक पाचकद्रव्य असतें. दोहोंचा प्राणवायूशीं संयोग झाला म्हणजे थंड उजेड पडतो. ज्या जनुकामुळें हें पाचकद्रव्य तयार होतें तें अर्बुदाच्या पेशींत बसविलें, आणि उंदराला तो जळणारा पदार्थ टोंचला, तर शरीराच्या आंतली गांठ स्वतःच मंद प्रकाशूं लागते! हा प्रकाश डोळ्यांस दिसत नाहीं. परंतु संपूर्ण अंधाऱ्या पेटींत ठेवलेला, खगोलशास्त्रज्ञ वापरतात तसा अतिशय थंड केलेला कॅमेरा तो टिपतो. १९९५ सालीं स्टॅनफर्ड येथील ख्रिस्तोफर कॉन्टाग व त्यांचे सहकारी यांनीं या विद्येचा पाया घातला. त्यांनीं काजवा न घेतां स्वयंप्रकाशी जंतूंचें पाचकद्रव्य साल्मोनेला या रोगजंतूंत घातलें, आणि जिवंत उंदरांत तो रोग कोठें पसरतो, कोठें दबा धरतो, आणि औषध दिल्यावर कसा ओसरतो, तें बाहेरून पाहिलें. 'म्हणजे आंतला दिवा विझला कीं रोग गेला?' असें घरांतल्या धाकट्या मुलानें विचारलें; आणि आमच्या मतें त्याहून सोपी व्याख्या करतां येणार नाहीं.

याखेरीज ध्वनीची रीत आहे. मनुष्यासाठीं वापरतात त्याहून कितीतरी उंच, सेकंदास तीन-चार कोटि कंपनांच्या ध्वनिलहरींनीं उंदराच्या इवल्याशा हृदयाच्या झडपाही दिसतात. आणि प्रकाश पाठवून ध्वनि ऐकण्याचीही एक रीत आहे. तिचें मूळ तत्त्व टेलिफोनवाले ग्राहॅम बेल यांस १८८० सालींच आढळलें होतें. रक्त प्रकाश शोषतें, तापतें, किंचित् फुगतें, आणि त्या फुगण्याचा जो सूक्ष्म आवाज होतो त्यावरून रक्तवाहिन्यांचा नकाशा काढतात.

'आणि इतका वेळ तो उंदीर गप्प कसा बसतो?' हा वहिनींचा पुढचा प्रश्न. त्याला भूल देतात. परंतु भूल दिली कीं एवढ्याशा जीवाचें अंग भराभर थंड पडतें, म्हणून त्याच्याखालीं ऊब ठेवावी लागते. डोळे कोरडे पडूं नयेत म्हणून त्यांत मलम घालतात. श्वास मोजीत राहतात. त्याचें सगळें रक्त काढलें तरी चहाचा एक चमचाही भरणार नाहीं, म्हणून टोंचावयाचें औषधही थेंबाथेंबानें मोजावें लागतें. प्रकाशाच्या कांहीं प्रयोगांत तर त्याच्या आहारांतून लसूणघास वगळतात, कारण त्यांतलें हरितद्रव्य पोटांत चमकून चित्र बिघडवितें. ही सारी शुश्रूषा नुसती भूतदयेपोटीं होते असें नाहीं. गारठलेल्या, घाबरलेल्या उंदराची साखर भलतीकडेच खर्च होते आणि चित्र खोटें येतें. जेथें प्राण्याची नीट काळजी घेतली नाहीं तेथें सत्यही हाताला लागत नाहीं, हा या विद्येचा धडा आम्हांस फार मोलाचा वाटला.

आतां हिशेब पाहूं. समजा, औषध दिलेले आणि न दिलेले असे दोन गट आहेत, पांच वेळां पाहणी करावयाची आहे, आणि प्रत्येक वेळीं प्रत्येक गटांतले आठ उंदीर लागतात. जुन्या रीतीनें ऐंशी उंदीर लागले असते. तेच सोळा उंदीर पांचही वेळां पाहतां आले तर चौसष्ट जीव वांचले. शिवाय प्रत्येक उंदराची तुलना त्याच्याच कालच्या स्थितीशीं झाल्यामुळें निष्कर्ष अधिक भरंवशाचा. रसेल आणि बर्च या दोघां इंग्रजांनीं १९५९ सालींच सांगून ठेवलें होतें कीं, शक्य तेथें प्राण्यांऐवजीं दुसरें साधन घ्या, घ्यावेच लागले तर कमी घ्या, आणि जे घ्याल त्यांना कमी त्रास द्या. आपल्या देशांत रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या खटपटीमुळें १९६० सालीं प्राण्यांना क्रूरतेनें वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला, आणि त्या अन्वयें आज प्रत्येक प्रयोगशाळेस नीतिसमितीपुढें आपला प्रत्येक प्रयोग मांडावा लागतो. खारघर येथें टाटा स्मारक केंद्राच्या ॲक्ट्रेक संस्थेंतही लहान प्राण्यांच्या अशा चित्रणाची सोय आहे.

हा कायदा वाचीत असतां आम्ही एका कलमापाशीं थबकलों. पुस्तकें, प्रतिकृति, चित्रपट इत्यादि साधनांनीं काम भागत असेल तर शिक्षणसंस्थांनीं प्राण्यांवरील प्रयोग टाळावे, असा त्याचा आशय आहे. १९६० चा कायदा! म्हणजे ज्या दिवशीं आम्ही त्या मुलावर रागावलों, त्या दिवशीं कायदा त्या मुलाच्या बाजूनें उभा होता, आणि आम्हांस त्याची गंधवार्ताही नव्हती.

असो. या विद्येची एकच बाजू सांगणें अप्रामाणिकपणाचें होईल. रोग मुद्दाम उत्पन्न करावाच लागतो. पुनःपुन्हा भूल देणें व किरण सोसावयास लावणें यांचाही भार त्या जीवावर पडतो, आणि जीव कमी लागतात म्हणून एकाच जीवाला किती वेळां राबवावें, हा नवा प्रश्न उभा राहतो. यंत्रें महाग आहेत. आणि उंदरांत गुणकारी ठरलेलीं औषधें मनुष्यांत निष्फळ झाल्याचीं उदाहरणें पुष्कळ आहेत. चित्र कितीही स्वच्छ असलें तरी तें उंदराचें चित्र आहे, मनुष्याचें नव्हे.

त्या रात्रीं सर्वांत अवघड प्रश्न अर्थात् वहिनींनींच विचारला. 'सगळीं चित्रें काढून झालीं म्हणजे शेवटीं त्याचें काय करतां?' मुलीनें क्षणभर आजोबांच्या तसबिरीकडे पाहिलें. मग ती म्हणाली, 'शेवटीं मारावा लागतो, आजी. चित्रांत जें दिसलें तें खरें होतें कीं नाहीं, हें सूक्ष्मदर्शकाखालीं ताडून पाहावें लागतें. त्याला कळूं देत नाहीं. पण मारावा लागतो.' तिनें खोटें सांगितलें असतें तर तें आम्हां सर्वांस बरें वाटलें असतें. तिनें तें सांगितलें नाहीं, याचा आम्हांस अभिमान वाटला.

वहिनी कांहीं बोलल्या नाहींत. त्यांचें समाधान झालें असें आम्ही म्हणणार नाहीं. तें व्हावें असेंही आम्हांस वाटत नाहीं. ज्या दिवशीं घरांतल्या वडीलधाऱ्यांना असला प्रश्न बोचेनासा होईल, त्या दिवशीं प्रयोगशाळेंतल्या तरुणांनाही तो बोचेनासा होईल. दुसऱ्या दिवशीं मुलगी परत निघाली तेव्हां वहिनींनीं तिच्या डब्यांत मोदक भरले आणि विचारलें, 'त्यांना एखादा दिलेला चालेल का ग?' बाहेरचें कांहीं चालत नाहीं, असें तिनें हंसून सांगितलें. 'बरें, तर मग तूं खा,' वहिनी म्हणाल्या, 'आणि त्यांच्याकडे नीट पाहा.' या 'पाहा'चे दोन अर्थ होतात, आणि त्यांना दोन्हीही अभिप्रेत होते, हें आम्ही खात्रीनें सांगतों.

आमच्या शास्त्रांत देहलीदीपन्याय म्हणून एक न्याय आहे. उंबऱ्यावर ठेवलेला दिवा घराच्या आंतही उजेड पाडतो आणि अंगणांतही. ही नवी विद्या अशीच उंबऱ्यावरची आहे. तिचा उजेड रोग्याच्या खाटेवर पडतो, तसाच उंदराच्या पिंजऱ्यावरही पडतो. तो मुलगा आज पन्नाशीचा झाला असेल. हा अंक कदाचित् त्याच्या घरीं येत असेल. येत असल्यास आमचें उशिरा आलेलें उत्तर त्यानें स्वीकारावें: येतें रे, न कापतां पुष्कळसें पाहतां येतें, सगळें अजून येत नाहीं. आणि प्रश्न विचारल्याबद्दल तुझ्यावर रागावलों, ही आमची चूक होती.